वीस झाली, डॉक्टर

निबिया ओलास्कोआगाने डॉक्टर एल्बियो अर्राम्बिदेंची पाठ जितकी पाहिली होती तितकी त्यांच्या शिंप्यानेही पाहिली नसेल. मोन्तेविदेओच्या त्या जुन्या इस्पितळात ते टेबलापाशी उभे राहायचे आणि ती त्यांच्या मागे, हृदय-फुप्फुसाच्या यंत्रापुढे, स्टुलावर बसायची. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, मानेवर घामाचा ओला पट्टा, आणि काम अडलं की उजव्या पायाची जमिनीवर हलकी टाप. एवढ्यावरून तिला त्यांच्या मनातलं कळायचं. तोंड पाहायचा प्रश्न नव्हता, ते तरी मास्कमागेच असायचं.

इस्पितळात तिला पंपवाली म्हणत. रोगी झोपल्यावर ती त्याच्याजवळ येणार आणि तो जागा व्हायच्या आत निघून जाणार. बरे झाल्यावर लोक केक घेऊन यायचे, सर्जनच्या गळ्यात पडून रडायचे, भूल देणाऱ्या डॉक्टरलाही एखादी वाइनची बाटली मिळायची. पंपवालीला शोधत आजवर कोणी आलेलं नव्हतं. तिला याचं वाईट वाटायचं, आणि वाटत नाही असं ती सगळ्यांना सांगायची.

काम मात्र चोख. हृदयावर शिवणकाम करायचं तर आधी ते थांबवावं लागतं. धडधडत्या गोष्टीवर टाका कोण घालणार? तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरतं आणि हृदयाला पोटॅशियम घातलेलं गार द्रावण देऊन झोपवतात. अर्राम्बिदे त्याला झोपेचं पाणी म्हणायचे. पण झोपलेलं हृदयही थोडं थोडं खातच असतं. पाण्याचा अंमल उतरू लागला की स्नायू आतल्या आत उपाशी पडतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कळतं ते शेवटी, त्याने उठायचं असतं तेव्हा. म्हणून दर वीस मिनिटांनी पुन्हा पाजायचं, आणि ते घड्याळ निबियाच्या ताब्यात.

"वीस झाली, डॉक्टर."

"दे."

सव्वीस वर्षं दोघांचं बोलणं हे एवढंच. पण त्या एका शब्दात तिने त्यांचं सगळं आयुष्य ऐकलं होतं. वैतागलेला 'दे' असायचा, खुशीतला असायचा, पेन्यारोल हा त्यांचा फुटबॉल संघ आदल्या दिवशी हरला असेल तर दात खाऊन म्हटलेला असायचा. त्यांची बायको वारली त्या महिन्यात तर तो जेमतेम ऐकू यायचा. तेव्हा निबियाला वाटलं होतं, उठून त्या खाली गेलेल्या खांद्यावर हात ठेवावा. पण यंत्र सोडून उठता येत नाही, आणि यंत्र नसतं तरी ती उठली नसती. बाहेर जिन्यात भेट झाली की दोघं मान हलवून आपापल्या वाटेने जायचे.

चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी नर्सेसची नावं घेतली, भूलवाल्यांची घेतली, फरशी पुसणाऱ्या वॉशिंग्टनचंही घेतलं, आणि निबियाचं राहिलं. ती हातात सँडविचची बशी घेऊन खांबाशी उभी होती. माणूस आपल्या कानाचे आभार मानतो का, असं तिने मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही. बशी तशीच ठेवून ती घरी गेली.

त्यांच्या जागी त्यांचाच चेला आला, डॉक्टर हुलियान बेर्रुत्ती. हुशार, नीटनेटका, आणि बडबडीचा शत्रू. त्याने नवं द्रावण आणलं. एकदा पाजलं की दीड तास पाहायला नको. निबियाने त्यावरचं मिळेल ते सगळं वाचून काढलं. दोष काढायचाच म्हणून बसली होती, पण दोष सापडेना. हृदयं छान उठत होती. फक्त आता तिला बोलायचं काही उरलं नव्हतं. अख्खं ऑपरेशन ती तोंडातून ब्र न काढता बसून राही. घरीही बोलायला कोणी नव्हतं. संध्याकाळी ती थर्मास बगलेत मारून नदीकाठच्या भिंतीवर बसे आणि एकटीच माते, तिकडचा कडू पाल्याचा चहा, पीत राही. बाकीची मंडळी एकच भांडं चौघांत फिरवत गप्पा हाणत असत. बेकरीत पाव मागताना कधी कधी तिचा आवाज पहिल्या झटक्याला फुटायचाच नाही. दुकानदारणीला वाटे, बाईंना कायमची सर्दी आहे.

ऑगस्टच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, थंडीत एका दुपारी ग्रिसेल्दाने तिला गाठलं. ग्रिसेल्दा ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स.

"ऐकलंस का? उद्या टेबलावर कोण आहे? आपला म्हातारा."

"कोणता म्हातारा?"

"म्हणजे काय, आपल्याला एकच म्हातारा होता. हृदयाची झडप गेलीय त्यांची. जिना चढताना दम लागतो म्हणून वर्षभर जिना बदनाम केला, आता आलेत."

 वजन-उंची घ्यायला म्हणून निबिया वर गेली. यंत्राचा प्रवाह त्यावर ठरतो आणि ती मापं स्वतः घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

अर्राम्बिदे खाटेच्या काठावर पाय सोडून बसले होते. इस्पितळाचा पाठीमागे बांधायचा झगा, विस्कटलेले केस. ती आत आली तसे ते ताठ बसले.

"पंपवाली. ये."

"काट्यावर उभे राहा, डॉक्टर."

"त्र्याहत्तर किलो आहे मी."

"उभे राहा. रोगी काय वाटेल ते सांगतात, हे तुमचंच वाक्य."

काटा सत्तरवर थांबला. तिने भुवया वर केल्या.

"एकट्याचा स्वयंपाक," ते म्हणाले. "कधी करतो, कधी कंटाळा करतो. पाणी कोणतं पाजणार मला?"

"नवीन. एका डोसात दीड तास."

"वाचलंय मी. चांगलं आहे म्हणतात."

"चांगलंच आहे."

"मग तेवढा वेळ तू काय करतेस?"

"बसते."

"गप्प?"

"कोणाशी बोलू? यंत्राशी?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर वाऱ्याने झाडं वाकली होती.

"माझ्या वेळी गप्प बसू नकोस," ते म्हणाले. "वीसची हाक दे."

"द्यायचं काही नसताना?"

"काही देऊ नकोस. नुसती हाक दे."

"तुम्हाला ऐकू येणार नाही, डॉक्टर."

"मला शिकवू नकोस काय ऐकू येतं ते. चार वर्षं घरात बसलोय, तिथेही काही ऐकू येत नाही. टीव्ही लावतो तर तो नुसता ओरडतो." त्यांनी झग्याची नाडी बोटाला गुंडाळली. "आत गेल्यावर कोणीतरी वेळ सांगतंय एवढं ठाऊक असलं, की झोपायला बरं."

"भीती वाटतेय?"

"वाटतेय. बेर्रुत्तीला सांगू नकोस, त्याचा हात हलेल."

निबियाने मान हलवली. सँडविचच्या बशीपासून जपून ठेवलेला राग तिथल्या तिथे विरघळून गेला, आणि तो इतक्या स्वस्तात गेला याचाच तिला थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसली तेव्हा तिच्यासमोर बेर्रुत्तीची पाठ होती आणि त्या पाठीपलीकडे, हिरव्या कापडांखाली, अर्राम्बिदे. आज ते उताणे होते, तिच्याकडे तोंड करून असं म्हणता आलं असतं, पण मध्ये भूलवाल्यांचा पडदा होता. चेहरा आजही दिसणार नव्हता. बेर्रुत्तीने महाधमनीला चिमटा लावला, तिने द्रावण सोडलं. मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ आधी रुंदावली, मग आडवी झाली. एल्बियो अर्राम्बिदेंचं हृदय तिने थांबवलं होतं. हजारो थांबवली असतील, पण आज घड्याळ सुरू केल्यावर तिने ते दोनदा तपासलं.

थिएटरात हत्यारांच्या किणकिणीशिवाय आवाज नव्हता. वेळ झाली तसा तिने घसा साफ केला.

"वीस झाली, डॉक्टर."

बेर्रुत्तीचे हात थबकले. "काय झालं?"

"काही नाही. वीस झाली."

"बरं," तो म्हणाला, आणि ग्रिसेल्दाने मास्कवरून तिच्याकडे एक नजर टाकली. निबिया घड्याळाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या हाकेला त्याने मानही वळवली. "निबिया, आज आपण कोणतं द्रावण दिलंय, सांगता?" डोक्याला मार लागलेल्या माणसाला आज वार कोणता असं विचारावं तसं त्याने विचारलं. तिने नाव सांगितलं, बरोबर सांगितलं. "मग वीसचं काय मध्येच?"

"वेळ सांगितली, डॉक्टर."

"नव्वदच्या जवळ आलं की सांगा."

भूलवाला मास्कमध्ये खोकल्यासारखं करून हसला. निबियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यंत्रावरची बाई कोणतं द्रावण आहे हे विसरते असं एकदा लोकांच्या मनात बसलं, की संपलं. तिला कोणी यंत्राजवळ उभं करत नाही, आणि तेच बरोबर असतं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य अर्राम्बिदेंच्या भीतीचं होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगायचं नाही म्हणून सांगितलं होतं. 

आत काम अडलं होतं. झडपेच्या कड्यात चुना इतका साठला होता की सुई शिरेना. बेर्रुत्ती कणाकणाने तो टोकरून काढत होता. त्याचा डावा खांदा खाली गेला. उजवा पाय जमिनीवर हलकेच वाजू लागला. अकरा वर्षं तो अर्राम्बिदेंच्या समोर मदतनीस म्हणून उभा राहिला होता, सुई धरायला शिकता शिकता बाकीचंही उचललं असणार. निबियाने त्या पाठीकडे पाहिलं आणि तिसरी हाक दिली, किंचित हळू, एकाच माणसाला ऐकू जावी अशी.

"वीस झाली, डॉक्टर."

"दे," ती पाठ म्हणाली.

एरवी बेर्रुत्ती तिला अहो-जाहो करायचा. हा शब्द त्याचा नव्हताच. सूरही त्याचा नव्हता, थोडा खर्जातला, शेवटी तुटलेला.

"देते," निबिया म्हणाली, आणि तिच्या हाताने बटण फिरवलं.

तिला बरं वाटलं. हीच तिची चूक. हाकेला उत्तर आलं होतं, चार वर्षांनी आलं होतं, आणि ती मास्कमागे हसत बसली. झोपेचं पाणी नळीतून निघालं होतं, सगळं पूर्वीसारखं झालं होतं. पिशवी निम्मी चपटी झाली तेव्हा तिची नजर वर, पिशवीवरच्या नावावर गेली. हे ते पाणी नव्हतं. हे नवं होतं, आणि आधीच पुरेसं पाजलेल्या हृदयाला ती आणखी दीड तासाची झोप पाजत होती.

तिने पंप बंद केला. "डॉक्टर, दुसरा डोस गेलाय. निम्मा. थांबवलाय."

"कोणी सांगितलं द्यायला?"

 ग्रिसेल्दा हत्यारांकडेच पाहत म्हणाली, "तुम्ही. 'दे' म्हणालात."

"मी?"

"तुम्हीच. म्हाताऱ्यासारखं म्हणालात."

"हाक मी दिली," निबिया म्हणाली. "द्यायची नव्हती. दोष माझा आहे."

 बेर्रुत्तीने झडप शिवून घेतली, हृदय बंद केलं, हवा काढली आणि चिमटा सोडला. गरम रक्त आत शिरलं. आता हृदयाने थोडी कुरकूर करावी, थरथरावं आणि चालू लागावं. त्याने काहीच केलं नाही. पडद्यावरची रेघ आडवीच राहिली.

रक्तातलं पोटॅशियम खूप वर गेलं होतं. भूलवाल्याने कॅल्शियम दिलं, इन्सुलिन आणि साखर दिली. निबियाने गाळणी जोडून रक्त धुवायला घेतलं. हृदयावर पेसमेकरच्या तारा लावल्या, विजेचे धक्के दिले, तरी ते दाद देईना. यंत्र सुरू होतं म्हणून माणूस जिवंत होता. पण यंत्रावर माणसाला कायम ठेवता येत नाही, आणि जितका उशीर तितकं वाईट, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आता थांबण्यापलीकडे काही करण्यासारखं नव्हतं.

निबियाला रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. आपल्याला एका शब्दाची भूक होती, आणि त्यापायी आपण माणूस मारला. असं तिने अगदी स्पष्ट मनाशी म्हटलं. झोपायला बरं वाटावं म्हणून त्यांनी हाक मागितली होती. आता ते झोपले होते, आणि उठवण्यासाठी तिच्याकडे कोणतीही हाक नव्हती.

"पोटॅशियम?" बेर्रुत्ती विचारी.

"उतरतंय."

"आता?"

"उतरतंय, डॉक्टर. थोडं राहिलंय."

चार वर्षांत दोघं इतकं बोलले नव्हते.

मग रेघेला एक रुंद उंचवटा आला. नंतर बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, आणि त्यामागून एक, झोपेतून उठलेला माणूस भिंत धरून चालतो तसे.  बेर्रुत्ती दोन्ही हात छातीशी धरून नुसता पाहत होता. ठोके अरुंद झाले, ओळीत आले. निबियाने हळूहळू यंत्राचा प्रवाह कमी केला आणि रक्ताचा कारभार ज्याचा त्याच्या हवाली केला.

हात धुताना बेर्रुत्ती म्हणाला, "का हाक दिलीत?"

"सवय."

"चार वर्षांत एकदाही दिली नाहीत. आजच सवय?"

 तो नळाखाली हात तसाच धरून उभा होता.

"तो शब्द माझ्या तोंडून गेला, हे मी वर सांगणार आहे," तो म्हणाला. "पण काही दिवस तुम्ही यंत्रावर बसू नका. चौकशी होईपर्यंत. मला वाईट वाटतंय, निबिया."

"मलाही," ती म्हणाली. मास्क काढून टाकला आणि जिन्याने खाली गेली.

तिसऱ्या दिवशी ती अर्राम्बिदेंना भेटायला गेली, साध्या कोटात, एखाद्या नातेवाइकासारखी. बसमध्ये तिने वाक्यं जुळवली होती. हाक दिली, तीन वेळा दिली, आणि तिसऱ्या वेळी तुम्हाला जवळजवळ तिथेच सोडून आले. हे त्यांना तिच्याकडूनच कळायला हवं होतं. रागावले तर रागावोत. रागावण्यासाठी तरी ते तिच्याकडे पाहतील.

वॉर्डातली नर्स म्हणाली, "जरा भ्रमात आहेत. यंत्रावर फार वेळ गेला की होतं असं, ओसरेल. मुलगी माद्रिदहून शुक्रवारी येईल. तोवर कोणी नाही त्यांचं, तुम्ही बसा हवं तर."

ते उशी छातीशी घट्ट धरून पडले होते. खोकला आला की टाके ताणू नयेत म्हणून देतात ती उशी.

"डॉक्टर."

त्यांनी डोळे उघडले. "रक्त घेतलं सकाळी."

"रक्त नाही. मी निबिया."

"हो का." ते सभ्यपणे हसले. ओळख नसलेल्या बाईशी हसतात तसं. "बसा ना."

"तुम्ही मला हाक द्यायला सांगितली होती."

"मी? कोणाला?"

"मला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, खोलीत."

"असेल," ते म्हणाले. "आठवत नाही, माफ करा."

तरी तिने सांगितलं. तिच्याने राहवलंच नाही. जुळवलेली वाक्यं भलत्याच क्रमाने बाहेर आली, पण सगळी आली: हाक, बटण, पिशवी, आडवी रेघ. दुसऱ्या कोणाच्या दुखण्याची हकिकत ऐकावी तसं ते ऐकत राहिले.

"आता चालतंय ना ते?"

"चालतंय."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

निबिया बसून राहिली. माफी मिळाली होती. पण आपण कोण हेच ज्याला ठाऊक नाही त्याने दिलेली माफी घरी नेऊन करायचं काय? भ्रम ओसरला की त्यांना ती आठवेल, खोलीतलं बोलणंही आठवेल कदाचित. पण तेव्हा मुलगी आलेली असेल, आणि निबियाला पुन्हा वर यायचं काही कारण उरणार नाही. कोटाची बटणं लावून निघावं, असं तिच्या मनात आलं. भिंतीवर घड्याळ होतं. येऊन किती वेळ झाला हे पाहण्यासाठी तिला त्याची गरज नव्हती. तेवढं तिचं शरीर झोपेतही सांगायचं.

दाराकडे कोणी नाही असं पाहून ती हळूच म्हणाली, "वीस झाली, डॉक्टर."

"दे," ते म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. खर्जातला, शेवटी तुटलेला तो 'दे', कामात बुडालेल्या माणसाचा, मागे कोण बसलंय याची खात्री असल्यामुळे वळून न पाहणाऱ्याचा. निबियाचा हात आपोआप उजवीकडे गेला. तिथे बटण नव्हतं. छोट्या टेबलावर पाण्याचा पेला होता आणि त्यात चमचा.

"देते," ती म्हणाली. तिने चमचाभर पाणी त्यांच्या ओठांना लावलं, त्यांनी गिळलं, आणि उशीवरची बोटं सैल सोडून ते झोपी गेले.

पुढची वीस व्हायला अवकाश होता. निबियाने खुर्ची खाटेजवळ ओढली, कोट काढून मांडीवर घेतला आणि घड्याळ दिसेल अशी बसली.